साडेबारा टक्के कशाचे?

आईबाबा मे महिन्यात लंडनला आले होते, त्यांच्या लग्नाला ४० वर्षं झाली तो वाढदिवस इथेच आला, आणि मी आधीपासून ठरवून ठेवलेलं की यावेळी घरी श्रीखंड-पुरी नाही, मध्य लंडनमधल्या एका चांगल्या, म्हणजे अगदी पितळी दिवे आणि इस्त्रीचे नॅपकिन असलेल्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये त्यांना न्यायचं. दोन आठवडे आधी बुकिंग केलं, कार्डाचे डिटेल्स घेतले, आला नाहीत तर माणशी ३० पाउंड कापू हेही सांगितलं. मला त्याचं काही वाटलं नाही, खटकलं ते शेवटी बिलात आधीच जोडून आलेल्या साडेबारा टक्के सर्व्हिस चार्जचं. महाग असण्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती हे आधीच सांगते, उलट मी १४ वर्षं इथे ऑफिसात लोकांशी वाद घालत आलेय की पास्त्याच्या प्लेटला २५ पाउंड देताना तुम्हाला काही वाटत नाही, मग भारतीय जेवण तेवढं १० पाउंडात पोटभर का मिळायला हवं? आमच्या वाटणाला मेहनत लागत नाही का?

या वादाला इथे मोठा इतिहास आहे. शेख दीन महंमद यांनी १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्तानी जेवणाचं पहिलं हॉटेल काढलं आणि दोनेक वर्षांत त्यांचं दिवाळं निघालं. पुढे विसाव्या शतकात आताच्या बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेल्या बंगाली लोकांनी गावोगावी करी हाऊस उभी केली, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पब सुटलेल्या गिऱ्हाइकांना जेवू घातलं, नाही नाही ते ऐकून घेतलं. त्यांनीच ब्रिटनला आपल्या जेवणाची चव लावली, पण जेवण स्वस्त हा शिक्काही तेव्हाच बसला. भारतीय रेस्टॉरंटना पहिले मिशेलिन स्टार, म्हणजे उत्तम जेवणासाठीचा तो मानाचा शिक्का, मिळाले ते थेट २००१ मध्ये, लंडनमधल्या दोघांना एकदमच. म्हणजे आपल्या जेवणाला ३० पाउंड देणारं गिऱ्हाईक तयार व्हायला किती वर्षं आणि किती लोकांचे कष्ट लागले ते बघा, आणि म्हणून त्या नावावर कोणी वाईट जेवण वाढलं की मला जास्त लागतं.

तर झालं असं. सात वाजता पोचलो, आम्ही दोघं, आईबाबा आणि आमची नऊ वर्षांची लेक. बसता बसताच सांगितलं की टेबल नऊला परत द्यायचंय. पाण्याचं विचारलं तेही "स्टिल की स्पार्कलिंग", म्हणजे बाटलीतलं साधं की बुडबुड्यांचं, एवढंच, बाबा म्हणाले साधं पाणी, तर बाटली फोडून आणली, ६ पाउंडाची, आणि कोणी न मागता अजून दोन आल्या. खरं तर इंग्लंडमध्ये दारूचं लायसन असलेल्या ठिकाणी गिऱ्हाइकाने मागितलं तर नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं, २०१० पासूनचा नियम आहे, आणि मला तो माहीत असून मी बोलले नाही कारण आईबाबांची संध्याकाळ होती. स्टार्टर यायला चाळीस मिनिटं लागली. कोथिंबीर वडी आतून गार होती.

मेनूत मालवणी कोळंबी होती, ३२ पाउंड. आईचं माहेर कुडाळचं. तिने नाव वाचलं आणि चेहरा असा काही फुलला की मला वाटलं पैसे इथेच वसूल झाले. आली ती टोमॅटोच्या ग्रेव्हीत, वर नारळाच्या क्रीमची रेघ, चव गोडसर, आमसुलाचा पत्ता नाही, वाटण नाही, मिरचीचा तो लाल रंगही नाही. आईने एक घास घेतला, मग दुसरा घेतला आणि म्हणाली, "छान आहे गं." मी तिला ओळखते ना. तिने उरलेली कोळंबी हळूच बाबांच्या ताटात सरकवली. बाबांच्या बटर चिकनची ग्रेव्ही चाखली तर तीच, माझ्या नवऱ्याच्या कोफ्त्याचीही तीच, फक्त एकात कसुरी मेथी आणि एकात क्रीम जास्त. करी हाऊसवाले एक बेस ग्रेव्ही करून ठेवतात आणि त्यातून दहा पदार्थ काढतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही, १० पाउंडात आणि दहा मिनिटांत गरम जेवण द्यायचं तर तसंच करावं लागणार. पण ३२ पाउंड घेऊन, खाली कोकण किनारपट्टीचं वर्णन लिहून तुम्ही तेच करणार असाल तर ती फसवणूक आहे. भाकरी आली ती थंड आणि कडक, आम्ही बदलून मागितली, ती बिल आल्यावर आली. बिल आम्ही मागितलंच नव्हतं, पावणेनऊला आपोआप आलं.

एक गोष्ट मात्र चांगली झाली आणि ती सांगायला हवी. लेकीला काजूची अ‍ॅलर्जी आहे. वेटर मुलगा आत जाऊन विचारून आला, टॅबलेटवर पदार्थावार यादी दाखवली आणि तिचं ताट वेगळं आणलं. इथे कायद्याने १४ प्रकारच्या अ‍ॅलर्जीकारक गोष्टींची माहिती द्यावीच लागते, त्यामुळे साध्या टपरीवजा दुकानातही हे विचारता येतं, आईवडील म्हणून मला या देशाचं हे फार बरं वाटतं. पण त्याच मुलाला मी विचारलं की कोळंबीत आमसूल आहे का, तर त्याला सांगता येईना. नियमाने जे शिकवावं लागतं ते त्याला शिकवलेलं, जेवणाबद्दल काहीच शिकवलेलं नव्हतं.

बिल २६८ पाउंड, त्यावर साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज ३३.५० आधीच जोडलेला, एकूण ३०१.५०. बाबांनी मनात रुपये केले असणार, पस्तीस हजारांच्या आसपास, ओठ हललेले दिसले मला. हेच बाबा डोंबिवलीत एका हॉटेलात पाच टक्के सर्व्हिस चार्ज लावला म्हणून मॅनेजरला बोलावून अर्धा तास भांडलेले, मी कॉलेजात होते, मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. आणि आता मी मॅनेजरला बोलवायला लागले तर ते म्हणतात, "राहू दे गं, परक्या देशात कशाला शोभा, आपलीच माणसं आहेत."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

कारण मार्च २०२५ पासून आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर हाच विषय अधूनमधून पेटतो. पार्श्वभूमी अशी की भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला नियमावली काढली, हॉटेलने बिलात सर्व्हिस चार्ज आपणहून लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही लावायचा नाही, द्यायचा की नाही ते गिऱ्हाईक ठरवणार. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, आणि मग २८ मार्च २०२५ ला कोर्टाने नियमावली योग्य ठरवून त्यांच्या याचिका फेटाळल्या, वर एकेक लाख रुपये भरायला लावले. त्यावर माझा एक मावसभाऊ, जो ठाण्यात स्वतः हॉटेल चालवतो, मला उद्देशून लिहितो, "ताई, तुमच्या लंडनमध्ये साडेबारा टक्के गुपचूप देतात ना सगळे, तिथे कोणी कोर्टात जात नाही, आपल्याच लोकांना दहा टक्के जड जातात." दुसरी बहीण लिहिते की तिकडे सर्व्हिस तरी तशी मिळते.

तर बहिणीला माझं उत्तर वर आलंच आहे. नेहमी मिळत नाही. आणि भावाचं अर्धं खरं आहे, लोक गुपचूप देतात, पण द्यायलाच हवा म्हणून नाही. बिलावर बारीक अक्षरात "ऐच्छिक" लिहिलेलं असतं, काढा म्हटलं तर काढावा लागतो. शिवाय इथल्या २०१५ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे सेवा नीट, काळजीने दिली नसेल तर किंमत कमी करून मागायचाही हक्क आहे. पण चारचौघांत, वेटर समोर उभा असताना, कार्डाचं मशिन हातात दिलेलं असताना काढा म्हणायचं धैर्य किती जणांकडे असतं? इंग्रज माणूस तर बेचव जेवण जेवून "लव्हली, थँक यू" म्हणून उठतो. म्हणून मला वाटतं की याबाबतीत भारतातला नियम जास्त सरळ आहे. आधी जोडून ठेवायचा आणि मग लाजेवर भिस्त ठेवायची, हा प्रकारच नको. आपल्याकडे हे कोर्टापर्यंत गेलं आणि हायकोर्टाने गिऱ्हाइकाच्या बाजूने निकाल दिला याचा मला अभिमान वाटतो, आणि परदेशात असं चालतं म्हणून आपल्याकडेही चालावं हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही.

पण मावसभावाचा दुसरा मुद्दा मला विचारात पाडतो. तो म्हणतो की टीप जाते समोर दिसणाऱ्या वेटरला, सर्व्हिस चार्ज एकत्र जमा करून सगळ्यांत वाटला की त्यातून आतल्या भांडी घासणाऱ्यालाही चार पैसे मिळतात, ज्याला गिऱ्हाईक कधी बघतही नाही. हे खोटं नाही. फक्त मी त्याला विचारलं की तू ते खरंच वाटतोस का आणि वाटतोस हे गिऱ्हाइकाला कळणार कसं, तर तो म्हणाला विश्वास ठेवायचा. इथे मात्र ब्रिटन पुढे आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून इथे कायदा लागू झालाय की टीप असो की सर्व्हिस चार्ज, मालकाने त्यातला एक पेनीही ठेवायचा नाही, कर सोडून सगळा कामगारांत न्याय्य पद्धतीने वाटायचा, पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत द्यायचा, वाटपाचं लेखी धोरण ठेवायचं आणि तीन वर्षं नोंदी जपायच्या. आणि टीप किमान वेतनात धरायची नाही हे तर २००९ पासूनच आहे. अमेरिकेत बघा, टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकलेलं आहे, बाकीचं गिऱ्हाइकाच्या टीपमधून यायचं, आणि टीप धरूनही किमान वेतन भरलं नाही तरच मालकाने उरलेलं द्यायचं. तिकडची वाट आपण धरू नये असं मला कळकळीने वाटतं.

म्हणजे भारतात गिऱ्हाइकाच्या खिशाचा विचार झाला आणि इथे कामगाराच्या. ग्रुपवर आम्ही भांडतो ते यातलं एकेक टोक धरून. माझं म्हणणं एवढंच आहे की पगार मेनूतल्या किमतीत धरा ना. कोळंबी ३२ ऐवजी ३६ लावा, कोणी अडवलंय? किंमत आधी दिसली की मी ठरवेन जायचं की नाही, आणि वेटरचा पगार माझ्या मूडवर राहणार नाही. हॉटेलवाले तसं करत नाहीत कारण मेनूत आकडा कमी दिसायला हवा असतो, पनवेलला काय आणि पिकॅडिलीला काय, कारण तेच.

आणि सर्व्हिस म्हणजे तरी काय, यावर तर दोन्हीकडे कोणीच बोलत नाही. खुर्ची मागे ओढून देणं, नॅपकिन मांडीवर टाकणं म्हणजे सर्व्हिस नाही. आमच्या डोंबिवलीतल्या उडप्याकडचा अण्णा "आज सांबार जरा पातळ झालंय, रस्सम घ्या" असं सांगायचा, ती सर्व्हिस. त्यासाठी वाढणाऱ्याला आत काय शिजलंय ते माहीत हवं आणि खरं बोलायची मुभा हवी.

त्या रात्री मी बाबांचं ऐकलं नाही. मॅनेजरला बोलावलं, शांतपणे, मराठीत आईला सांगते तसंच इंग्रजीत सांगितलं, की वडी गार होती, मालवणी म्हणून जे दिलंत ते मालवणी नव्हतं, भाकरी जेवण संपल्यावर आली, न मागितलेलं पाणी आलं, त्यामुळे सर्व्हिस चार्ज काढा. त्याने वाद घातला नाही, काढला, न मागितलेल्या दोन बाटल्याही काढल्या. बाबा मान खाली घालून बसलेले. "आपलीच माणसं" म्हणून गप्प बसायचं हे मला समजतं, इथे आपल्याबद्दल आधीच कमी बोललं जात नाही, पण आपल्या माणसांनाच आपण सांगितलं नाही तर कोण सांगणार? शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा मालवणी खाल्लं असेल. तिला वाटणार मालवणी म्हणजे हेच.

कोट घेताना तो वेटर मुलगा दारापाशी आला आणि आईकडे बघून मराठीत म्हणाला, "काकू, सॉरी हं." सातारचा निघाला. मास्टर्स करतोय, विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, ते इथे करतो. मी विचारलं, तू कधी ती कोळंबी खाल्लीयस का? म्हणाला, "नाही ताई, आम्हाला वेगळं जेवण असतं, मेनूतलं चाखायला देत नाहीत. कोणी विचारलं तर चांगलंय म्हणायचं असं सांगितलंय." आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि जेवलास का विचारलं. तो नुसता हसला.

मी त्याच्या हातात २० पाउंडाची नोट दिली. ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसल्यावर मला मावसभावाचं म्हणणं आठवलं, की ३३.५० मी पुसून टाकले, त्यातले काही कायद्याने आतल्या भांडी घासणाऱ्यापर्यंत पोचायला हवे होते, आणि तो तर कोळंबीत आमसूल घालायला विसरला नव्हता. मी दुसऱ्या दिवशी रेस्टॉरंटला मेल लिहिली, वाटपाचं लेखी धोरण काय आहे विचारलं आणि वाढणाऱ्या मुलांना जेवण चाखायला द्या असंही लिहिलं. अजून उत्तर नाही. बाबा परत गेल्यावर फोनवर म्हणाले, "तू बोललीस ते बरं केलंस, पण त्या पोराचे पैसे कापले गेले का गं?" मी म्हटलं त्याला दिले मी वेगळे. आतल्या माणसाबद्दल त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.