आगीत न मेलेल्या बंबवाल्याबद्दल

आपल्याकडे अग्निशमन दलातला माणूस लक्षात राहतो तो मेल्यावर. १४ एप्रिलला आपण हार घालतो, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांची आठवण काढतो, आणि १५ तारखेला सगळं विसरून मोकळे होतो. हार घालू नयेत असं माझं म्हणणं नाही. पण मला आज लिहायचंय ते एअर मॅसी शॉ या आयरिश माणसाबद्दल. हा गडी तीस वर्षं लंडनच्या आगी विझवत राहिला, निवृत्त झाला आणि म्हातारा होऊन गेला. कदाचित म्हणूनच तो कुणाला फारसा ठाऊक नाही.

शॉ मूळचा कॉर्क परगण्यातला, घरचा बरा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकला. घरच्यांच्या मनात त्याने पाद्री व्हावं असं होतं; साहेबांनी त्याऐवजी अमेरिकेचं जहाज पकडलं. काही काळाने परत आला आणि नॉर्थ कॉर्क रायफल्समध्ये कॅप्टन झाला. जन्मभर चिकटलेलं ‘कॅप्टन शॉ’ हे नाव तिथलं. पुढे बेलफास्टमध्ये पोलीस आणि बंब या दोन्हींचा तो प्रमुख होता. तेव्हा हे चालायचंच. मुंबईतही बंब आधी पोलिसांकडेच होते.

मग २२ जून १८६१ उजाडला. लंडनमध्ये टूली स्ट्रीटला थेम्सकाठच्या गोदामांना आग लागली. आत ताग, कापूस, चरबी, साखर, चहा, मसाले खच्चून भरलेले. एका गोदामातली आग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून लोखंडी दारं बसवली होती, ती उघडीच राहिली. दलाचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड दमलेल्या जवानांना ब्रँडीचा घोट वाटत फिरत होता, तेवढ्यात भिंत कोसळली आणि तो जागीच गेला. आग पुरती विझायला दोन आठवडे लागले. ब्रेडवुडच्या अंत्ययात्रेला लंडन लोटलं. त्याच्या खुर्चीवर शॉ आला.

आता खरी गोष्ट. ते दल सरकारचं नव्हतंच. विमा कंपन्यांनी १८३३ साली एकत्र येऊन स्वतःच्या खर्चाने ते उभं केलं होतं. त्यांना काळजी विमा उतरवलेल्या मालाची. टूली स्ट्रीटने कंपन्यांचं कंबरडं मोडलं आणि त्यांनी सरकारला सांगून टाकलं, आता हे तुम्ही बघा. १८६५ साली कायदा झाला आणि १ जानेवारी १८६६ पासून मेट्रोपॉलिटन फायर ब्रिगेड सुरू झाली. पैसा तीन ठिकाणांहून: रहिवाशांवर पौंडामागे अर्ध्या पेनीची पट्टी, सरकारचे वर्षाला १०,००० पौंड, आणि विमा कंपन्यांकडून दर दहा लाखांच्या विम्यामागे ३५ पौंड. आकडे रुक्ष आहेत, पण माझ्या मते सगळं त्यातच आहे. आग ही मालकाची खाजगी अडचण राहिली नाही, शहराची जबाबदारी झाली. कायदा संसदेने केला. तो चालवून दाखवला शॉने, आणि तोही पैसे अपुरे आहेत म्हणून सतत कुरकुर करत.

त्याला जवान हवे असत खलाशी. उंचीला न घाबरणारे, दोरावर चढणारे, रात्री-अपरात्री हाक मारली की उठणारे. तो म्हणे, बंबवाल्याने आत शिरलंच पाहिजे: खालून, वरून, शेजारच्या घरातून, छपराला भोक पाडून, आणि शिरल्यावर तिथे टिकलं पाहिजे. टिकायचं तर धुराचं काय? त्यासाठी तो गेला जॉन टिंडलकडे. हा नामांकित शास्त्रज्ञ, आणि योगायोग म्हणजे तोही आयरिश. टिंडलने ग्लिसरीनमध्ये भिजवलेला कापूस आणि लोणारी कोळसा घालून धूर गाळणारा मुखवटा तयार केला, आणि शॉच्या माणसांनी धुराने कोंदलेल्या खोलीत बसून त्याची परीक्षा घेतली. मला हा प्रसंग कुठल्याही शौर्यपदकापेक्षा मोठा वाटतो.

लोकांच्या डोळ्यांत मात्र भरलं ते दलाचं पितळी शिरस्त्राण. पॅरिसच्या बंबवाल्यांचं पाहून त्याने ते आणलं होतं. युवराजांना आगी बघायचा भारी नाद, त्यामुळे त्यांच्याशीही दोस्ती. शॉ इतका प्रसिद्ध की १८८२ च्या एका संगीतिकेत त्याला उद्देशून गाणंच होतं, आणि पहिल्या प्रयोगाला स्वारी प्रेक्षकांत बसलेली! चार वर्षांनी एका उमराव घराण्याच्या घटस्फोटाच्या खटल्यात त्याचं नाव ओढलं गेलं. काही सिद्ध झालं नाही, पेपरवाल्यांची मात्र चंगळ झाली.

या झगमगाटात त्याचं सर्वांत मोलाचं काम दबलं. नाट्यगृहांतल्या आगींवर त्याने १८७६ सालीच पुस्तक लिहिलं होतं. लंडनची थिएटरं तो एकेक करून तपासत होता: दारं किती, जिने किती रुंद, गॅसचे दिवे पडद्याच्या किती जवळ. मालक वैतागत. ५ सप्टेंबर १८८७ ला इंग्लंडमधल्याच एक्सेटर शहरातलं थिएटर रॉयल पेटलं. इमारत वर्षभरापूर्वीच नवी बांधलेली. वरच्या स्वस्त गॅलरीतल्या लोकांना बाहेर पडायला धड एकच वाट. १८६ माणसं गेली. चौकशी करून अहवाल लिहायला बोलावलं ते शॉलाच.

१८९१ मध्ये लंडनचा कारभार बघणाऱ्या नव्या काउंटी कौन्सिलशी खटके उडाले तेव्हा त्याने राजीनामा दिला. जाताना ‘सर’ झाला.

त्याच सुमाराला इकडे मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याने आग विझवणं हे पालिकेचं कर्तव्य ठरलं, आणि दलप्रमुख म्हणून निकोल्स नावाचा अधिकारी आणला गेला तो लंडनच्या दलातून. म्हणजे शॉच्या हाताखालची परंपरा थेट मुंबईला पोचली.

काळबादेवीची २०१५ ची आग आठवते? चार अधिकारी गेले, त्यांत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर. आपण हळहळलो, आणि ती हळहळ खरी होती. पण महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, आणि इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, तो ‘फॉर्म बी’, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? आमच्या सोसायटीच्या सभेत मी हा विषय काढला, तर पाण्याच्या टाकीवर दीड तास भांडलेल्या मंडळींनी घड्याळं बघायला सुरुवात केली. एक काका म्हणाले, “अहो, चाळीस वर्षांत आपल्याकडे कधी आग लागलीये का?” सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं: विषय पुढील सभेत घ्यावा.