ऑल्ट धरलाय, उतरू कुठं?

बेळगावात झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात बसणाऱ्याच्या डाव्या अंगठ्याला रविवार नसतो. एका खिडकीत मराठी अर्ज, दुसरीत कन्नड फॉर्म, तिसरीत स्कॅन केलेलं आधार, ब्राउझरात व्हॉट्सॲप आणि जमिनीच्या पहाणीचा उतारा. समोर चौघं उभे, चौघांचंही एकच म्हणणं : ‘माझं तेवढं आधी काढ की गा.’

या खिडकीतून त्या खिडकीत नेणारं ऑल्ट-टॅब म्हणजे आमची खानापूरची बस. ऑल्ट दाबून धरला की बसमध्ये चढलात, टॅबच्या दर टिचकीला एक थांबा पुढं, ऑल्ट सोडला की उतरलात. घाईत पिरनवाडीचा माणूस मच्छेला उतरतो. पण बसचे थांबे निदान जागा तरी बदलत नाहीत! इथं सगळ्यात शेवटी वापरलेली खिडकी रांगेत पुढं घुसते. अर्ज आणि आधार यांच्यात ये-जा करायची तर एकच टिचकी पुरते, सोय त्यासाठीच आहे. मध्येच व्हॉट्सॲप उघडून बघितलं की जोडी फुटली. मग मोजून टॅब मारणाऱ्याचा हिशेब चुकतोच.

त्यात क्रोम ब्राउझरात उघडलेली पानं, म्हणजे तिथले टॅब, या रांगेत येतच नाहीत. त्यांच्यासाठी कंट्रोल-टॅब, आणि तो डावीकडून उजवीकडं सरळ चालतो. कंट्रोल-९ दाबलं तर नववा नव्हे, शेवटचा टॅब येतो. उलट एज ब्राउझरचे टॅब ऑल्ट-टॅबच्या रांगेत गर्दी करतात. सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंग इथं जाऊन त्यांना बाहेर काढावं.

माझं मत विचाराल तर विंडोज की आणि आकडा हीच खरी रिझर्व्हेशनची सीट. टास्कबारवर पिन केलेला पहिला प्रोग्रॅम विंडोज-१, दुसरा विंडोज-२. कोण कधी वापरलं याच्याशी देणंघेणं नाही.

खरी गंमत थांबा चुकल्यावर मागं येताना. मागं यायला ऑल्ट-शिफ्ट-टॅब. बोटं ऑल्ट-शिफ्टवर गेली आणि टॅब राहून गेला, तर खिडकी जागची हलत नाही, कीबोर्डची भाषा मात्र बदलते. आमच्याकडं मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही बसवलेल्या. इंग्रजी आली तर चूक लगेच कळते : ‘नाव’ मारायला जावं आणि ‘व्ही ई बी’ उमटावं. कन्नड आली की घात! इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड-मांडणीत दोन्ही भाषांचा ‘क’ के वरच, ‘न’ व्ही वरच. ‘खानापूर’ मारलं की खानापूरच येतं, फक्त कन्नड लिपीत. मान खाली घालून टाइप करणाऱ्याला पत्ता नाही. पुण्याचा पाहुणा असता तर ओरडला असता. आमचं गिऱ्हाईक अर्धा अर्ज देवनागरीत, अर्धा कन्नडात न अडखळता वाचतं, ‘बरोबर हाय की’ म्हणतं आणि सही ठोकून जातं.

यावर इलाज आहे. ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथून इनपुट लँग्वेज हॉट कीज, चेंज की सिक्वेन्स, आणि भाषा बदलायच्या जोडीला ‘नॉट असाइन्ड’. भाषा बदलायला विंडोज-स्पेस शिल्लक राहतंच. फक्त हे दुपारच्या पाळीला बसणाऱ्याला सांगून ठेवायला हवं. नाहीतर ‘कीबोर्ड बिघडलाय’ म्हणत तो संध्याकाळपर्यंत ऑल्ट-शिफ्ट पुन्हा सुरू करून ठेवतो.