‘इस्रायलमध्ये सैन्यसेवेतून कुणालाच सूट नाही’, हे खरे नाही

आपल्याकडे सक्तीच्या लष्करी सेवेचा विषय निघाला की एक संदेश हमखास फिरू लागतो. इस्रायलमध्ये प्रत्येक तरुण-तरुणीला सैन्यात जावेच लागते, कुणालाही सूट मिळत नाही, आणि सगळे एकाच बराकीत वाढल्यामुळे तिथे भेदभाव उरलेला नाही, असे त्यात म्हटलेले असते. शिकलेली माणसेही तो खात्रीने पुढे पाठवतात, म्हणून त्यातील विधाने एकेक करून तपासली पाहिजेत.

‘प्रत्येकाला’ हे पहिलेच विधान टिकत नाही. लोकसंख्येत सुमारे २१ टक्के असलेल्या अरब नागरिकांपैकी मुस्लिम आणि ख्रिस्ती तरुणांना सैन्यात बोलावलेच जात नाही. द्रूझ या वेगळ्या धर्मपंथाच्या अरब पुरुषांना मात्र १९५६पासून सक्ती आहे. धार्मिक कारण प्रतिज्ञेवर सांगणाऱ्या ज्यू मुलींना सूट मिळते, आणि विवाहित स्त्रियांनाही.

‘सूट नाही’ हे विधान तर वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे, कारण गेली कित्येक वर्षे तिथले राजकारण सवलतीच्या याच प्रश्नाने ढवळून निघाले आहे. युरोपातील ज्यू धर्मपाठशाळा नाझींनी नष्ट केल्यानंतर, १९४८ साली, पंतप्रधान बेन-गुरियन यांनी धर्माध्ययन करणाऱ्या सुमारे ४०० विद्यार्थ्यांची भरती पुढे ढकलली. १९७७ नंतर बेगिन सरकारने संख्येवरची मर्यादाच काढून टाकली, आणि २०२४पर्यंत हा आकडा ६३,०००च्या आसपास पोहोचला. सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत देणारे कायदे २०१२ आणि २०१७ साली रद्द ठरवले, आणि २५ जून २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की या विद्यार्थ्यांना भरतीतून वगळायला आता कोणताही कायदेशीर आधार नाही.

या सवलतीची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे तीन लाख राखीव सैनिकांना बोलावणे गेले, काहींना पुढेही पुन्हा पुन्हा. नोकरी, दुकान आणि लहान मुले सोडून निघालेल्या त्या माणसांचा संताप मला पूर्णपणे रास्त वाटतो. पण सवलत घेणाऱ्या हरेदी, म्हणजे कर्मठ सनातनी, तरुणाकडेही जवळून पाहावे. ‘तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) हाच माझा व्यवसाय’ असे लिहून दिल्यावरच त्याची भरती टळत असे, त्यामुळे बाविसाव्या वर्षी दोन मुलांचा बाप असलेल्या तरुणाने उघडपणे नोकरी धरली, तर त्याची सवलत जाऊन थेट बोलावणे येण्याची धास्ती असे. कायमची सूट मिळण्याचे वय येईपर्यंत तो पाठशाळेच्या बाकाला बांधलेला राहिला, आणि तोवर हाती कसब नाही, गणित-इंग्रजीचीही ओळख बेताचीच. या समाजातील जेमतेम निम्मे पुरुष नोकरी-धंदा करतात, तर स्त्रियांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे संसाराचा भार कुणावर पडला ते स्पष्ट आहे. अरब तरुणाची अडचण निराळी: ‘सैन्यसेवा पूर्ण केलेली असावी’ ही अट नोकरीच्या जाहिरातीत आली की त्याच्यासाठी दार तिथेच बंद होते.

उरले ‘भेदभाव नाही’ हे विधान. २०१५ साली होलोन शहरात इथिओपियन वंशाच्या एका गणवेशधारी सैनिकाला पोलिसांनी मारहाण केली आणि त्यावरून मोठी निदर्शने झाली. २०१८ साली इस्रायल हे ज्यूंचे राष्ट्र असल्याचा मूलभूत कायदा झाला, तेव्हा सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या सेवा दिलेला द्रूझ समाज तेल अवीवच्या रस्त्यावर उतरला. आणि आपल्या मराठी वाचकांना तर बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातील ज्यूंचा, अनुभव ठाऊक असायला हवा. अलिबाग-पेण-रोह्याकडचे हे शनवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून हे नाव) तिथे स्थायिक झाले, त्यांच्या मुलांना सैन्यसेवेची सक्ती इतरांसारखीच लागू झाली. तरीही १९६२ साली मुख्य धर्मपीठाने त्यांच्या लग्नाआधी वंशावळ तपासण्याचा आदेश काढला. तो मागे घेतला गेला १९६४ साली, आणि तोही त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरल्यानंतर आणि संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केल्यानंतर.