७८-०

काल रात्रीपासून डोकं फिरलंय. रात्रीच लिहायला बसलो होतो, बायको म्हणाली सकाळी लिही, शांतपणे. सकाळ झाली. डोकं तसंच आहे.

काल एकांकडे पॉटलक होतं. आपलीच मंडळी, पावभाजी, अळूवडी, नेहमीचं सगळं. शनिवारचा सामना बाहेरगावी होता, बँड गेला नव्हता, म्हणून लेक घरी होती आणि आमच्याबरोबर आली. तिथे एका काकांनी विचारलं, "काय गं, कुठे असतेस हल्ली?" ती म्हणाली, रटगर्स. "अच्छा… बरं आहे. घराजवळ. फीसुद्धा कमी." हे 'बरं आहे' इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्ये राहणाऱ्या प्रत्येक आईबापाने ऐकलेलं आहे. मुलगी मांगलिक निघाली की म्हणतात तसं.

इथवर ठीक होतं. मग कळलं की ती मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. काका म्हणाले, "त्या फुटबॉल टीमसाठी? अगं, ते तर कायम हरतात! हरणाऱ्यांच्या वरातीत कशाला वाजवतेस?"

सगळे हसले. लेकही हसली. मी हातातली बशी खाली ठेवली आणि बायकोला म्हटलं, निघूया. अळूवडी राहिली.

भारतातल्या मित्रांसाठी सांगतो. हा आपला फुटबॉल नव्हे, लंबगोल चेंडू हातात घेऊन एकमेकांवर आदळायचा तो. आणि रटगर्स म्हणजे आमच्या न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ, १७६६ सालचं. आमच्या इथल्या निम्म्या पोरांचं कॉलेज. निम्म्या आईबापांनी खालच्या आवाजात सांगायचं कॉलेज.

आता माझी गोष्ट. २०१६ च्या ऑक्टोबरात बाबा इथे आले होते. बाबा कोल्हापूरचे, पेठेतले. कोल्हापूरचा फुटबॉल ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर सामना असला की घरात भाऊभाऊ बोलत नाहीत. बाबांचा संघ कुठला ते लिहीत नाही, कमेंटमध्ये भांडणं लागतील. इथे येऊन पंधरा दिवस ते खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसले होते, म्हणून म्हटलं, चला, मॅच दाखवतो. ८ ऑक्टोबर, शनिवार, रात्रीचा सामना. पिस्कॅटवेचं स्टेडियम, समोर मिशिगन. बाबा, मी आणि दहा वर्षांची लेक.

नवरात्र चालू होतं. बाबांचा उपवास. स्टेडियममध्ये त्यांना चालेल असं काय, तर शेंगदाणे. तेच घेऊन बसले.

एका कोपऱ्यात तोफ असते, जुन्या काळच्या शिपायांच्या वेशातली माणसं ती उडवतात. बाबांनी विचारलं, "ही तोफ कवा उडवत्यात?" म्हटलं, आपण गुण मिळवले की. ते खूश झाले. तोफेकडे बघत बसले.

तोफ उडालीच नाही. हाफटाइमला ४३-०. शेवटी ७८-०. आमच्या संघाने अख्ख्या सामन्यात मिळून ३९ यार्ड काढले. एकोणचाळीस! चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलं की 'फर्स्ट डाउन' मिळतो, ते रात्रभरात दोन मिळाले.

हाफटाइमला लोक उठायला लागले. बाबा बघतच राहिले. "ही कुठं चालली सगळी? अजून अर्धी मॅच हाय की." मी म्हटलं, बाबा, आता काही राहिलं नाही, आपणही निघू, पार्किंगला गर्दी होईल. तर माझ्याकडे असं बघितलं की मी परत सातवीत गेलो. "मैदानातनं मधीच उठलेल्या माणसानं पेठेत तोंड कसं दाखवायचं?"

बसलो. काय करणार.

काल काकांना हेच सांगायचं होतं, पण राग आला की मला बोलता येत नाही, लिहिताच येतं.

अहो, कायम हरतात म्हणता, पण कोण हरतंय ते तरी माहीत आहे का? ६ नोव्हेंबर १८६९. न्यू ब्रन्सविक. अमेरिकेतला पहिला कॉलेज फुटबॉल सामना. रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन. पंचवीस-पंचवीस जण एका बाजूला, आणि जिंकलं कोण? रटगर्स, ६-४. होय, तेच प्रिन्स्टन, ज्याचं स्वेटशर्ट तुम्ही मुलगा तिथे नसतानाही घालता. सामना झाला त्या जागेवर आता जिम आणि पार्किंग आहे. बाबांना मी ती जागा दाखवली होती. तेव्हा चेंडू उचलून पळायची परवानगी नव्हती, लाथेने नाहीतर हाताने टोलवायचा, हे ऐकल्यावर ते तिथेच थांबले. "म्हंजे आमचाच खेळ की रं हा. मधीच काखेत घेऊन पळायला कुणी शिकिवलं ह्यांस्नी?"

आता पुढचं ऐका. आठवड्याने परतीचा सामना झाला, प्रिन्स्टनने ८-० ने उट्टं काढलं. आणि त्यानंतर रटगर्सने प्रिन्स्टनला पुन्हा कधी हरवलं? १९३८ साली. एकोणसत्तर वर्षांनी! नवं स्टेडियम बांधलं, त्याच्या उद्घाटनाला, २०-१८. आजोबांनी पाहिलेला विजय नातवाला बघायला मिळाला. मधल्या काळात कोणी म्हटलं नाही की पोरांनो, बंद करा हे. म्हटलं असेल तर पोरांनी ऐकलं नाही.

त्यांचं बोधचिन्ह बरीच वर्षं चक्क कोंबडा होतं. आता इंग्रजीत कोंबडीचं पिल्लू म्हटलं की भित्रा, त्यामुळे समोरचे लोक चिडवून जीव नकोसा करायचे. १९५५ मध्ये कोंबडा जाऊन चिलखतातला घोडेस्वार आला. नशीब मात्र कोंबड्याचंच राहिलं. १९७६ साली अकराच्या अकरा सामने जिंकले, तरी कुठल्या मोठ्या बाऊलचं, म्हणजे हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्याचं, आमंत्रण नाही. का, तर म्हणे तुम्ही हरवले ते सगळे किरकोळ. म्हणजे हरलं तरी वाईट, जिंकलं तरी खालच्या जातीतलं. हा हिशोब आपल्याला नवा आहे का?

हां, पैसे. मला माहीत आहे कोणीतरी कमेंटमध्ये पैशांचं काढणार. तोट्यात आहे, मान्य. २००६ मध्ये सहा खेळ बंद करायचं ठरवलं, पोहणं, टेनिस, तलवारबाजी, होड्या वल्हवणं, आणि इकडे फुटबॉलला हवं तेवढं. प्रशिक्षक ग्रेग शियानोंना परत आणलं तेव्हा आठ वर्षांचे ३ कोटी २० लाख डॉलर. असल्या खर्चाविरुद्ध त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकात, माजी विद्यार्थ्यांनी मोहीमच काढली होती, नोबेलवाले मिल्टन फ्रीडमन इथलेच, त्यांचाही पाठिंबा होता. त्यांचं चूक नव्हतं. बस, यापुढे मी या विषयावर बोलणार नाही.

त्याच २००६ च्या ९ नोव्हेंबरला काय झालं ते मात्र बोलणार. मी या देशात नवा होतो, खेळ ओ की ठो कळत नव्हता. लुईव्हिल देशात तिसऱ्या नंबरवर, दोघेही तोवर अजिंक्य. आपण २५-७ ने मागे. तिथून २५-२५. शेवटच्या क्षणी जेरेमी इटोची किक हुकली, पण समोरचा खेळाडू वेळेआधी पुढे आला म्हणून पुन्हा संधी मिळाली, आणि तेरा सेकंद उरले असताना २८-२५! लोक मैदानात घुसले. एम्पायर स्टेट बिल्डिंगवर लाल दिवे, आमच्या संघाच्या रंगाचे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जो तो लाल कपड्यात. पाच वर्षांपूर्वी याच संघाला वेस्ट व्हर्जिनियाने ८०-७ ने तुडवलं होतं, आणि त्याच्या पुढच्या हंगामात आपण बारापैकी एकच सामना जिंकला होता. त्या बाराच्या बारा सामन्यांना जाणारी माणसं होती. लाल दिवे त्यांच्यासाठी होते, माझ्यासारख्या दुसऱ्या दिवशी टोपी विकत घेणाऱ्यासाठी नव्हते. हे मला तेव्हा कळलं नाही. बाबांच्या शेजारी शेंगदाणे सोलताना कळलं.

आणि पॉल रोबसन. जगभर गाजलेला गायक, नट, पण त्याआधी रटगर्सचा फुटबॉलपटू. बाप गुलामगिरीतून पळून आलेला. १९१५ मध्ये हा इथे आला, आणि सरावाला उतरल्यावर आपल्याच संघातल्या पोरांनी नाक फोडलं, खांदा उखडला, बुटाखाली हात चिरडला. तो परत गेला सरावाला. पुढे १९१६ मध्ये दक्षिणेतल्या एका कॉलेजने काळ्या माणसाशी खेळणार नाही म्हटलं, तर रटगर्सने त्याला बाकावर बसवलं. ही हार मी माझ्या संघाच्या खात्यात सगळ्यात वर लिहीन. ७८-० त्याच्यापुढे काहीच नाही. पुढच्या दोन्ही वर्षी तो देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडला गेला. कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये मात्र १९९५ मध्ये घेतला, तो जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. कॉफी घेतो.

कॉफीवरून आठवलं. एरिक लग्रँड. रटगर्सचाच खेळाडू. २०१० मध्ये आर्मी म्हणजे लष्करी अकादमीच्या संघाविरुद्ध खेळताना मानेला मार बसला, मानेखालचं शरीर लुळं पडलं. वर्षभराने भर बर्फात व्हीलचेअरवरून तो सगळ्या संघाला मैदानात घेऊन आला. त्याचा ५२ नंबर आता कोणाला देत नाहीत, रटगर्स फुटबॉलच्या इतिहासात असा मान मिळालेला हा पहिलाच नंबर. आमच्या शेजारी वुडब्रिजला त्याचं कॉफीचं दुकान आहे. ओक ट्री रोडला पाणीपुरी खायला जाता ना, थोडं पुढे जा एकदा. हा खेळ पोरांची डोकी आणि मणके मोडतो, हे खरंच आहे. माझा मुलगा असता तर मी खेळू दिला नसता. लिहिलं, झालं.

तर ती रात्र. तिसऱ्या क्वार्टरनंतर आमच्या रांगेत आम्ही तिघंच. बाबांनी तोवर घोषणा शिकून घेतली होती. एका बाजूचे ओरडतात 'आर', समोरचे ओरडतात 'यू', म्हणजे रटगर्स युनिव्हर्सिटी. समोरची बाजू रिकामी झाली होती, मग बाबाच दोन्ही ओरडायला लागले. शेवटी शेवटी एक फर्स्ट डाउन मिळाला तर शिट्टी मारली. कवळी सांभाळून. मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. लेकीला नाही वाटली. ती बँडकडे बघत होती. सगळं स्टेडियम ओस पडत चाललेलं आणि ती पोरं जागेवर, वाजवतायत. तिने विचारलं, "आजोबा, ते का नाही घरी गेले?" बाबा म्हणाले, "ती पेठंची पोरं हायत."

वर्षभराने तिने शाळेत क्लॅरिनेट घेतलं. काका, वरात-बिरात काही नाही. हे कारण आहे.

बाबा परत गेले ते दर रविवारी फोनवर आधी स्कोअर विचारायचे, मग तब्येत. "काय झालं लाल्यांचं?" हरले. "किती?" सांगायचो. "बरं." बिग टेनमध्ये, म्हणजे आमचा संघ ज्या गटात खेळतो त्यात, सलग एकवीस सामने हरलो, एकवीस वेळा हे 'बरं'. हेही 'बरं'च होतं, पण कालच्या काकांच्या 'बरं'सारखं नव्हतं.

बाविसावा २४ ऑक्टोबर २०२० ला. कोविड, रिकामं स्टेडियम, शियानो परत आल्यावरचा पहिलाच सामना, तोही मिशिगन स्टेटच्या घरी. मी फोन टीव्हीसमोर धरून बसलो होतो, पलीकडे कोल्हापुरात बाबा मफलर गुंडाळून. समोरच्यांनी सात वेळा चेंडू घालवला. ३८-२७. जिंकलो. तिकडे रात्रीचा एक वाजून गेला होता. बाबा काही बोलेनात, मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाले, "अरे, दसरा लागला की. सीमोल्लंघन केलं पोरांनी." आणि आईला उठवून साखर मागितली.

पुढच्या मे महिन्यात बाबा गेले. मला वेळेवर पोहोचता आलं नाही. यावर जास्त लिहिता येणार नाही.

काल घरी येताना गाडीत मीच धुमसत होतो. लेक मागे बसून मोबाइलवर काहीतरी बघत हसत होती. म्हणाली, "बाबा, सोडा ना. त्यांना चाली माहीत नाहीत." मी विचारलं, कसल्या चाली? तर म्हणाली, "आम्ही हरताना वाजवतो त्या वेगळ्या असतात. जास्त चांगल्या."

येत्या शनिवारी घरचा सामना आहे. माझ्याकडे दोन तिकिटं जास्तीची आहेत. कोणाला हवी असतील तर इनबॉक्स करा. कालच्या काकांनाही देईन, ते ही पोस्ट वाचतायत हे मला माहीत आहे. शेवटपर्यंत बसणार असाल तरच या. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, शेंगदाणे आतच घेऊ.