नावाला साज चढवताना

साधं नाव साध्या अक्षरांत लिहिणं तुमच्यासारख्याला शोभत नाही. कुणीही वाचेल, कुणालाही सापडेल. मग तुमचं वेगळेपण काय राहिलं? त्यापेक्षा गणितवाल्यांची अक्षरं उचला. फुकट आहेत. युनिकोडने, म्हणजे संगणकासाठी अक्षराअक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीने, २००१ साली त्यांचा अख्खा साठा भरून ठेवलाय: ठळक, तिरकी, लफ्फेदार, जुन्या जर्मन छापाची, दुहेरी दांडीची. समीकरणात साधा 'एच' आणि लफ्फेदार 'एच' यांचा अर्थ वेगळा असतो, फाँट बदलला तरी तो पुसला जाऊ नये, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक दिला म्हणे. असेल. तुम्हाला कुठे समीकरण सोडवायचंय? तुम्हाला प्रोफाइलवर नाव टाकायचंय.

(देवनागरीला ही सोय नाही. मराठी नावाला नटायचं तर आधी रोमन व्हावं लागतं. इलाज नाही.)

समजा नाव सागर. रोमनमध्ये पाच अक्षरं. ठळक लफ्फेदार निवडा. काय देखणं दिसतं! आता जो डोळ्यांनी वाचत नाही, फोनकडून वाचून घेतो, त्याचीही करमणूक पाहा. त्याचा स्क्रीन रीडर कधी कधी चक्क गप्प बसतो, म्हणजे तुम्ही नाहीतच. पण मनावर घेतलं तर सुरू होतो: 'मॅथमॅटिकल बोल्ड स्क्रिप्ट कॅपिटल एस, मॅथमॅटिकल बोल्ड स्क्रिप्ट स्मॉल ए...' पाच अक्षरांना पंचवीस शब्दांची ललकारी. भालदार-चोपदारांनाही धाप लागावी. आणि आडनाव अजून यायचंय.

महेश असाल तर तिरकी अक्षरं सोडूच नका. त्या ओळीत छोट्या 'एच'ची जागा रिकामी आहे, कारण ते अक्षर प्लँकचा स्थिरांक (पुंजभौतिकीतला एक ठरलेला आकडा) म्हणून आधीच दुसरीकडे नोंदलेलं होतं. नाव सजवून देणारं यंत्र हुशार असेल तर ते तिथून उसनं आणतं, नसेल तर भोक ठेवतं. तुमच्या स्पेलिंगात 'एच' दोन. एका नावात दोनदा पुंजभौतिकी, तीही अभ्यास न करता!

नोकरीच्या अर्जातही हाच थाट ठेवा. छाननी करणारा प्रोग्रॅम साधा 'सागर' शोधत बसेल आणि तुम्ही त्याच्या नाकासमोर असून सापडणार नाही. काही प्रोग्रॅम मेले अरसिक असतात, नटलेली अक्षरं आधी साध्यात उतरवून घेतात. तिकडे फिरकू नका. बाकी संगत उत्तम आहे. स्पॅमची गाळणी चुकवणारेही हीच अक्षरं वापरतात.

खुद्द गणित लिहिणाऱ्यांनीही हात आखडू नये. संच 'ए', अशा संचांचा संच लफ्फेदार 'ए', त्याच्याही वर काही निघालं तर जर्मन 'ए'. हा जर्मन मोठा 'ए' हुबेहूब 'यू'सारखा दिसतो, हीच त्यातली गंमत. मागच्या बाकावरून कुणी विचारलंच, 'सर, हा ए की यू?' तर फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणा, 'संदर्भावरून कळतं.' दुहेरी दांडीची अक्षरंही सढळ हाताने वापरा. खडूने ठळक अक्षर काढणं जिकिरीचं, म्हणून फळ्यावर एक दांडी जास्तीची ओढायचे. पुढे छापखान्यात ठळक खिळे तयार असताना पुस्तकांनी ती जास्तीची दांडीच छापली. अडचणीचा दागिना करावा तो असा.

आणि चुकलात तरी घाबरू नका. वायरस्ट्रास या जर्मन गणितज्ञाच्या फंक्शनचं चिन्ह म्हणजे खरं तर छोटं 'पी'. युनिकोडमध्ये त्याची नोंद झाली 'स्क्रिप्ट कॅपिटल पी'. एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही हा तिथला नियम, त्यामुळे ते बिचारं आजही कागदोपत्री कॅपिटलच आहे. दुरुस्तीचं नाव टोपणनावासारखं शेजारी जोडलंय. तुमचं तसं नाही. तुम्ही कधीही लॉगिन करून नाव साधं करू शकता, पासवर्ड टाइप करता आला तर.

तोही लफ्फेदारच ठेवलात ना?