मूल सोफ्यावरून पडल्यास तातडीने करावयाच्या गोष्टी

सर्वांत आधी, मुलाकडे बघू नका. बघत बसलात तर ते तेवढ्यात रडायचं थांबतं, बिस्कीट मागतं आणि तुमच्या हाती काहीच उरत नाही. त्यापेक्षा फोन काढा. टेंगळाचा फोटो चांगल्या उजेडात, अगदी जवळून घ्या. फॅमिली ग्रुपवर टाका आणि खाली लिहा, ‘सोनू पडला, काय करू?’ ग्रुपवर सगळेच डॉक्टर असतात. नसतो तो फक्त शिकलेला.

मग दवाखान्यात निघा. जाताना आजी, आत्या, दोन्हीकडचे काका, शेजारचे अण्णा आणि अण्णांचा गाडी चालवणारा भाचा, सगळ्यांना घ्या. सोनू पडला तेव्हा समोर होती ती त्याची मोठी बहीण. तिला मात्र शाळेत पाठवा. नाहीतर डॉक्टर तिला विचारतील, किती उंचावरून पडला, लगेच रडला का, थोडा वेळ गप्प पडून होता का. ती सहा वर्षांची पोर सगळं खरं खरं सांगून टाकेल आणि तुमची पंचाईत होईल.

दवाखान्यात पोचलात की डॉक्टर काय करतात यावर लक्ष ठेवा. हाताने डोकं चाचपणारा, डोळ्यांत बॅटरी मारणारा, पोराला खोलीभर चालवून बघणारा डॉक्टर म्हणजे मशीन नसलेला डॉक्टर. हे सगळं फुकट होतं, म्हणजे त्यात काही दम नसणार.

उलटी झाली नसेल तर पोटभर दूध पाजा आणि जीपमधून खडबडीत रस्त्याने आणा.

रात्री मुलाला अजिबात झोपू देऊ नका. पहाटेपर्यंत ते इतकं किरकिरं होतं की ‘मॅडम, वागणं बदललंय हो त्याचं’ असं छातीठोकपणे सांगता येतं.

आता मुख्य सल्ला. सीटी स्कॅन. काही झालं तरी सीटी. हा सल्ला माझा नाही. मी तालुक्याच्या गावात लहान मुलांचा दवाखाना चालवते. गेल्याच आठवड्यात तो मला फोनच्या स्पीकरवरून मिळाला, पुण्यातल्या काकांकडून. उंटावरून शेळ्या हाकायला हल्ली उंटसुद्धा लागत नाही. काका म्हणाले, ‘‘मॅडम, रिस्क कशाला घ्यायची? करून टाका ना!’’ ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो तीन वर्षांचा गडी तेव्हा माझ्या टेबलावर बसून पार्ले-जी खात होता आणि दुसऱ्या हाताने माझा स्टेथोस्कोप ओढत होता. सोफा दीड फुटाचा. पडल्या पडल्या रडला. बेशुद्ध नाही, उलटी नाही. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. मी म्हटलं, चार-सहा तास नजरेखाली ठेवा, हवं तर इथेच बाकावर बसा, पैसे नकोत. सगळ्यांचे चेहरे पडले. पैसे नकोत म्हणजे बाईला काही येत नाही.

मी बापडी समजावत राहिले. म्हटलं, याचा अभ्यास झालाय. २००९ साली तो छापून आला. अमेरिकेत डोक्याला मार लागलेली, पण शुद्धीवर असलेली ४२,४१२ मुलं तपासली. त्यांतल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त मुलांचे सीटी झाले आणि मेंदूचं ऑपरेशन लागलं फक्त ६० जणांना. त्यातूनच नियम निघाले. दोन वर्षांवरचं मूल असेल, शुद्ध हरपली नसेल, उलटी नसेल, वागणं नेहमीसारखं असेल, डोकं भयंकर दुखत नसेल, कवटीच्या तळाला इजा झाल्याची खूण नसेल, पाच फुटांवरून पडणं किंवा गाडीखाली येणं असा जबर मार नसेल, तर मेंदूला गंभीर इजा असण्याची शक्यता दोन हजारांत एक, त्याहूनही कमी. आजी म्हणाल्या, ‘‘म्हणजे एक असतो की!’’

असतो. आणि सीटीचाही हिशेब असतो, आजी. डोक्याचा एक सीटी म्हणजे छातीचे शंभरेक एक्स-रे, आणि मशीनची सेटिंग मोठ्या माणसाचीच ठेवली असेल तर त्याहून जास्त. २०१२ साली ब्रिटनमध्ये लहानपणी सीटी झालेल्या मुलांचा मोठा अभ्यास छापून आला. दहा वर्षांखालच्या मुलांचे दहा हजार सीटी केले, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कॅन्सरची साधारण एक केस जादा आणि मेंदूतल्या गाठीची एक जादा, असा त्यांचा अंदाज. धोका लहान आहे, मान्य. गरज असेल तिथे मी स्वतः डोळे झाकून सीटी लिहून देते. पण गरज नसताना तो कशासाठी घ्यायचा? काकांना पुण्यात झोप लागावी म्हणून?

गेले शेवटी. जिल्ह्याच्या गावी गेले, तिथे कुणी हूं की चूं न करता चिठ्ठी लिहिली. तीन वर्षांचं पोर त्या बोगद्यात गप्प पडून राहील का? नाही राहत. मग ट्रायक्लोफॉस पाजलं. पोर गाढ झोपलं. मार लागलेलं मूल नीट जागं होतंय ना, हे आम्हाला बघायचं असतं, आणि इथे त्यालाच औषध देऊन झोपवलं! उठल्यावर त्याने त्या औषधाची उलटी काढली. झालं! ‘उलटी झाली, उलटी झाली’ म्हणून रात्रभर ॲडमिट. कागदावर लिहिलं ‘ऑब्झर्व्हेशन’. हेच मी बाकावर फुकट देत होते हो!

दुसऱ्या दिवशी मंडळी मुद्दाम वाकडी वाट करून माझ्याकडे. भली मोठी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून वडील म्हणाले, ‘‘बघा, नॉर्मल आला. तुम्ही तर काहीच केलं नव्हतं.’’ संध्याकाळी गूगलवर एक तारा.

तर, फिल्म जपून ठेवा. पुढच्या वेळी पडल्यावर तिचा काही उपयोग नसतो, पण पाहुण्यांना दाखवता येते.

सीटीत किरणं असतात असं कुणी म्हटलं तर एमआरआय मागा. त्यात मूल आणखी जास्त वेळ निपचित ठेवावं लागतं, पण नाव मोठं आहे.

घरात वॉकर असेलच. मुलं त्यातून पडतात म्हणून कॅनडाने २००४ साली वॉकरवर बंदी घातली, पण ते देश वेगळे. आपल्याकडे बारशाला दोन-तीन तरी येतातच.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक सल्ला आहे. मुलाला हात लावू नका, पॅड उघडा. ‘पडला – सीटी ब्रेन प्लेन’, सही, पुढचा. पेशंट पाठवल्याचं कमिशन घेऊ नये असं मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, २०१७ साली राज्यात कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदाही झाला. मसुदा चांगला होता म्हणतात. पाकीट कशाचं, मला काय ठाऊक! आणि जे पाकिटाला शिवत नाहीत तेही चिठ्ठी लिहितातच, कारण दवाखान्याची काच फुटण्यापेक्षा फिल्म निघालेली परवडते. त्यांना मी बोल लावत नाही. मध्यरात्री पंधरा माणसं टेबलाभोवती उभी राहून ‘काही झालं तर जबाबदार कोण?’ विचारतात तेव्हा २००९चा अभ्यास माझ्याही घशात अडकतो.

पण खरं सांगू का, माझं डोकं सीटीमुळे फिरत नाही. याच गावात गच्चीवरून पडलेलं पोर माझ्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी आणलं होतं. रात्रीतून चार उलट्या. ‘‘अंगारा लावला, मग शांत झोपला होता.’’ शांत! त्याला सीटी हवा होता, आदल्या रात्रीच हवा होता. तेव्हा ना काका फोनवर होते, ना जीपभर माणसं.

म्हणून आता गुमान ऐका. मूल बेशुद्ध झालं, उलट्या थांबत नाहीत, फिट आली, उठवलं तरी उठत नाही, तोल जातोय, डोकं वाढत्या कळांनी दुखतंय, नाकाकानातून पाणी किंवा रक्त येतंय, कानामागे किंवा डोळ्यांभोवती काळंनिळं झालंय, तर माझ्याकडेसुद्धा थांबू नका, सीटीची सोय असेल तिथे पळा. दोन वर्षांखालचं असेल आणि कपाळ सोडून डोक्यावर दुसरीकडे मऊ टेंगूळ आलं असेल, किंवा तीन फुटांच्या वरून पडलं असेल, तरी लगेच दाखवा. यातलं काही नसेल तर चार-सहा तास घरातल्या कुणीतरी फोन खाली ठेवून पोराकडे बघा. नुसतं बघा! रात्री झोपू द्या, एक-दोनदा हलवून उठतंय ना ते बघा. एवढंही जमत नाही तुम्हाला? रिस्क कशाला घ्यायची म्हणता, आणि फिल्म काखेत मारून माझ्या दारातून निघालात ते मोटारसायकलवर तिघं, तो गडी पुढे टाकीवर, डोकं उघडं. चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट आणि पट्टा हवा, गाडी चाळीसच्या आत हवी, असा नियम २०२२ सालीच निघालाय. दीड फुटाच्या सोफ्याची एवढी धास्ती, आणि हायवेवर साठच्या स्पीडला काही वाटत नाही? सीटीच्या पैशांत हेल्मेट आलं असतं, अहो, दोन आली असती. आधी पोराला टाकीवरून खाली घ्या, मग काय ते तारे द्या मला.