उसेन बोल्टचे ११५ सेकंद: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

हा मजकूर तुमच्याकडेही येऊन गेला असेल. अभ्यासिकेच्या भिंतीवर, विमा विकणाऱ्या मित्राच्या स्टेटसला, शाळेच्या पालक ग्रुपवर, कुठे ना कुठे. थोडक्यात तो असा: ‘उसेन बोल्टने तीन ऑलिम्पिकमध्ये ८ सुवर्णपदकं जिंकली. एकूण धावला फक्त ११५ सेकंद. कमावले ११.९ कोटी डॉलर. पण त्या दोन मिनिटांसाठी त्याने २० वर्षं सराव केला. याला म्हणतात संयम!’ याला जोडून बोल्टच्या नावावर एक वाक्यही फिरतं: ‘९ सेकंद धावण्यासाठी मी ४ वर्षं सराव केला. लोक दोन महिन्यांत निकाल दिसला नाही की सोडून देतात.’ ते तो कुठे आणि कधी बोलला, याचा उल्लेख माझ्याकडे आलेल्या एकाही प्रतीत नव्हता.

आकडे चुकलेत म्हणून मी एवढं लिहायला बसलो नसतो. अडचण वेगळी आहे. या मजकुरातला बोल्ट मान खाली घालून वीस वर्षं राबतो आणि मग त्याला फळ मिळतं. खरा बोल्ट असा नव्हता. तो अनेकदा सपशेल आपटला, आणि प्रत्येक वेळी त्याने आधी करत होता त्यातलं काहीतरी बदललं. त्याची चिवट वृत्ती दिसते ती तिथे.

‘एकूण धावला ११५ सेकंद.’

हा आकडा कुठून आला ते कळतं. १०० आणि २०० मीटरच्या सहा अंतिम शर्यतींच्या वेळा मिळवा: बीजिंगच्या ९.६९ आणि १९.३०, लंडनच्या ९.६३ आणि १९.३२, रिओच्या ९.८१ आणि १९.७८. झाले ८७.५३ सेकंद. त्यात रिलेचे तीन टप्पे धरले की ११५ च्या आसपास जातो. पण अंतिम फेरीत कुणी थेट नेऊन बसवत नाही. २००८ मध्ये बीजिंगला दोन्ही प्रकारांत चार-चार फेऱ्या होत्या. १०० मीटरमध्ये बोल्ट १०.२०, ९.९२, ९.८५ आणि ९.६९ धावला, २०० मीटरमध्ये २०.६४, २०.२९, २०.०९ आणि १९.३०. बेरीज ११९.९८. म्हणजे फॉरवर्डमधली ‘दोन मिनिटं’ एकट्या बीजिंगमध्येच संपली.

हे नुसतं हिशेबातलं खुसपट नाही. सकाळी हीट धावायची, अंग थंड होऊ द्यायचं, पुन्हा गरम करायचं, पुढच्या फेरीपुरतं राखून धावायचं, रात्री पुन्हा सगळं जमवायचं, आणि हे सलग काही दिवस. स्प्रिंटरच्या डोक्याची कसोटी इथे लागते. अंतिम फेरीचे नऊ-दहा सेकंद टीव्हीवर दिसतात, एवढंच.

‘तीन ऑलिम्पिकमध्ये.’

चार. पहिलं अथेन्स, २००४. फॉरवर्डमधून गाळलेलं हेच ऑलिम्पिक मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये बर्म्युडातल्या कॅरिफ्टा या कॅरिबियन ज्युनियर स्पर्धेत सतरा वर्षांचा बोल्ट २०० मीटर १९.९३ सेकंदांत धावला. २० सेकंदांच्या आत येणारा तो जगातला पहिला ज्युनियर धावपटू. चार महिन्यांनी अथेन्सला मांडीमागचा स्नायू दुखावलेल्या अवस्थेत तो उतरला, पहिल्याच फेरीत २१.०५ सेकंद घेऊन पाचवा आला आणि घरी गेला. त्याच्या देशात, जमैकात, टीका झाली: पोरगा लाडावलाय, मेहनत करत नाही.

त्यानंतर बोल्टने प्रशिक्षक बदलला. फिट्झ कोलमनकडून तो ग्लेन मिल्सकडे गेला. त्याच्या पाठीच्या कण्याला बाक आहे, म्हणजे स्कोलिओसिस. त्याने कंबर तिरकी पडते आणि मांडीमागच्या स्नायूंवर ताण येतो. म्युनिकच्या डॉक्टर म्युलर-वोलफार्ट यांच्याकडे उपचार सुरू झाले. पोट-पाठीचे स्नायू बळकट करायचे आणि धावण्याची ढब सुधारायची असं ठरलं. ‘अजून चार वर्षं तेच करत राहा’ असं त्याला कुणी सांगितलं असतं, तर तो त्याच पायावर पुन्हा लंगडला असता.

बरं, लगेच यश आलं असंही नाही. २००५ मध्ये हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत तो २०० मीटरच्या अंतिम फेरीत पोहोचला, मध्येच दुखापत झाली आणि २६.२७ सेकंदांत शेवटचा आला. २००६ ची मेलबर्नची राष्ट्रकुल स्पर्धा दुखापतीने हुकली. २००७ मध्ये ओसाकाच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या टायसन गेने त्याला २०० मीटरमध्ये हरवलं, १९.७६ विरुद्ध १९.९१. जिममधली चालढकल नडली, अशा अर्थाचं मिल्सने तेव्हा सुनावल्याचं बोल्टने पुढे सांगितलं आहे. दुसऱ्याच वर्षी बीजिंग झालं.

‘२० वर्षं सराव केला.’

लहानपणी त्याला क्रिकेटचं वेड होतं. ट्रेलॉनी परगण्यातल्या शाळेत त्याचा वेग पाहून क्रिकेटच्याच प्रशिक्षकाने त्याला ट्रॅककडे वळवलं. आणि फळासाठी तो थांबला म्हणावं, तर २००२ मध्ये किंग्स्टनला घरच्या प्रेक्षकांसमोर, पंधराव्या वर्षी, तो २०० मीटरचा ज्युनियर विश्वविजेता झाला. त्या दिवशी घाबरून त्याने स्पाइक्स, म्हणजे धावायचे खिळ्यांचे बूट, उलटे घातले होते, उजव्याचा डाव्यात. पुढे बाण मारण्याची पोझ देऊन सगळ्या स्टेडियमला हसवणारा तो हाच.

आणि तपस्वी म्हणावं, तर सरावाचा कंटाळा आणि आळस त्याने स्वतः अनेक मुलाखतींत कबूल केला आहे. बीजिंगला त्याने चिकन नगेट्सवर दिवस काढले, ही गोष्ट तर तोच हसत सांगतो. म्हणून तो कष्ट करत नव्हता असं नाही. मिल्सच्या हाताखाली उलट्या होईपर्यंत पळणं हा नेहमीचा प्रकार होता. पण ते कष्ट करून घेणारा एक माणूस रोज ट्रॅकवर उभा होता, आणि त्यामागे १९१० पासून चालत आलेली जमैकाची शालेय स्पर्धा, ‘चॅम्प्स’, होती. तिथे शाळकरी पोरं भरल्या स्टेडियमसमोर धावतात. हे सगळं वगळून ‘एकट्याची जिद्द’ उरते, ती पोस्टरवर छान दिसते.

‘याला म्हणतात संयम.’

संयम होता, पण फॉरवर्ड म्हणतं तिथे नव्हता. तो दहा सेकंदांच्या आत होता.

बोल्टची उंची १.९५ मीटर. एवढा लांब देह ब्लॉकमधून, म्हणजे सुरुवातीला पाय टेकवायच्या ठोकळ्यांमधून, उलगडायला वेळ लागतो. बीजिंगच्या अंतिम शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजानंतर तो ०.१६५ सेकंदांनी हलला, आठांत सातवा. त्याच शर्यतीतला रिचर्ड थॉम्प्सन ०.१३३ ला निघाला होता. रिओमध्ये अमेरिकेचा जस्टिन गॅटलिन बराच वेळ पुढे होता. समोर कुणाची पाठ दिसली की शरीर आपोआप आवळतं: जबडा घट्ट, खांदे वर, मुठी मिटलेल्या. आणि आवळलेलं शरीर धावताना मंदावतं. १०० मीटरमध्ये साधारण साठ-सत्तर मीटरवर सगळ्यांचा वेग शिगेला पोहोचतो, त्यानंतर सगळेच हळू होत जातात. जो सगळ्यात कमी हळू होतो तो जिंकतो. बोल्टच्या शर्यती संथ गतीत पाहा. गाल अक्षरशः थुलथुल हलताना दिसतात. मागे पडलेला असताना चेहरा इतका सैल ठेवता येणं, ही त्याची मानसिक ताकद. हे शिकवता येतं, रोज घोटून घ्यावं लागतं, आणि वर्षं मोजून ते कळत नाही.

‘लोक सोडून देतात.’

बोल्टनेही सोडलं, अगदी योग्य वेळी. १ जुलै २०१६ च्या सुमारास, रिओच्या महिनाभर आधी, जमैकाच्या निवड चाचणीत मांडीमागचा स्नायू किंचित फाटल्याचं कळलं. उपांत्य फेरी धावून झाली होती, अंतिम फेरी बाकी होती. त्याने माघार घेतली, वैद्यकीय सूट मागितली, उपचार घेतले आणि रिओत तीन सुवर्णं मिळवली. आपल्याकडे पोलीस भरतीच्या मैदानावर पोटरी धरून लंगडणाऱ्या पोराला ‘सोडायचं नाही’ म्हणून ओरडणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. स्नायूला घोषणा कळत नाहीत.

उलट बाजूही आहे. २०११ मध्ये देगूच्या जागतिक स्पर्धेत १०० मीटरच्या अंतिम फेरीत त्याने पिस्तुलाआधीच उडी घेतली. एका चुकीला थेट बाद, हा नियम नवा होता. त्याने बनियन काढून भिरकावला आणि बाहेर गेला. सुवर्ण योहान ब्लेकला मिळालं. आठवडाभरात २०० मीटरला तो सावधपणे निघाला, १९.४० मध्ये जिंकला, आणि रिलेत जमैकाने ३७.०४ चा विश्वविक्रम केला. पुढच्या वर्षी ब्लेकने निवड चाचणीत त्याला दोन्ही प्रकारांत हरवलं; १०० मीटरमध्ये ९.७५ विरुद्ध ९.८६. ब्लेक त्याच्याच क्लबचा, त्याच मिल्सचा शिष्य. ज्याने आत्ताच हरवलंय त्याच्याच शेजारी सराव करायचा होता. बोल्टने तो केला, आणि महिनाभरानंतर लंडनमध्ये दोन्ही वेळा ब्लेक दुसरा होता.

‘११.९ कोटी डॉलर.’

ऑलिम्पिक समिती पदकासाठी एक पैसाही बक्षीस देत नाही. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने सुवर्णपदकाला पहिल्यांदा रोख रक्कम दिली ती २०२४ मध्ये, पॅरिसला, ५० हजार डॉलर. बोल्टचा बहुतेक पैसा जाहिरातींचा. प्यूमाने त्याला तो शाळकरी असतानाच करारबद्ध केलं होतं. तेव्हा ‘अमुक सेकंदांना तमुक कोटी’ हा भागाकारच निरर्थक आहे.

‘८ सुवर्णपदकं.’

हे बरोबर आहे. नववं, बीजिंगच्या रिलेचं, २०१७ मध्ये गेलं, कारण सहकारी नेस्टा कार्टरच्या जुन्या नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं. यात बोल्टचा दोष नव्हता.

शेवटी एक नाव, जे अशा फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. असाफा पॉवेल. जमैकाचाच. १०० मीटरचा विश्वविक्रम बोल्टच्या आधी त्याच्याकडे होता, ९.७४. दहा सेकंदांच्या आत तो ९७ वेळा धावला, इतर कुणाहीपेक्षा जास्त. अथेन्सला ऑलिम्पिकच्या १०० मीटरमध्ये पाचवा, बीजिंगला पुन्हा पाचवा, आणि लंडनला जांघेत दुखापत होऊन ११.९९ सेकंदांत शेवटचा. सरावाची वर्षंच मोजायची, तर त्याची बोल्टपेक्षा काही कमी भरणार नाहीत. वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मात्र एकही नाही.